मिक्सर घरचा, काम कारखान्याचं

(करमाड परिसरातल्या बचत गटांच्या महिलांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून, कुणी शेंगदाणे निवडत, कुणी शिलाईवर बसून हे ऐकत असाल. शिलाई चालू असेल तर दोन मिनिटं पाय थांबवा, कारण आजचा विषय त्या मशीनचाही आहे.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक आडवा व्रण आहे. उन्हाळ्यातली गोष्ट. शेंगदाण्याची चटणी वाटत होते. मध्येच लाईट गेली, मिक्सर थांबला. मी झाकण काढलं आणि पात्याखाली दबून बसलेला कूट बोटानं मोकळा करायला लागले. बटण चालूच आहे, हे डोक्यातच नव्हतं. मिक्सर तर बंद होता ना! तेवढ्यात लाईट आली. पाच टाके पडले, बोट वाचलं.

त्यानंतर घरी जो आला तो एकच बोलला, “बाई, बटण बंद करायचं ना!” सासूबाई बोलल्या, शेजारणी बोलल्या, टाके घालणारे डॉक्टरही बोलले. मलाही पटलं की चूक माझीच. पुढची कितीतरी वर्षं मी तसंच धरून चालले.

मग माझी भाची शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागली. एकदा घरी आली असताना बोटाचा विषय निघाला. ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडं लाईट जाऊन आली तर मशीन आपोआप चालू होतच नाही. कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. तसं मशीनच बनवलेलं असतं.”

मी विचारलं, “मग माझा मिक्सर तसा का नाही बनवला?” याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. ते शोधता शोधता मी युरोपातल्या यंत्रसुरक्षेच्या नियमांपर्यंत पोचले. करमाडच्या बाईला युरोपच्या कायद्याचं काय करायचं, असं वाटेल. पण तो कायदा जे प्रश्न विचारतो, ते आपल्या ओट्यावर आणि ओसरीवर विचारण्यासारखे आहेत.

आधी यंत्र सुधारा, मग माणसाला सांगा

युरोपीय संघातल्या देशांमध्ये यंत्र विकायचं असेल तर एक सामाईक कायदा पाळावा लागतो. २००६ साली केलेला आणि २९ डिसेंबर २००९ पासून लागू झालेला तो यंत्र-निर्देश. त्याच्या जागी २०२३ साली नवा नियम मंजूर झाला असून तो २० जानेवारी २०२७ पासून लागू होण्याचं ठरलं आहे. कायदा लांबलचक आहे, पण त्याचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो.

पहिली पायरी: धोका मुळातच राहणार नाही असं यंत्र घडवा. धारदार कड नको असेल तर ती ठेवूच नका. पातं हाताला लागू नये, तर तोंडच अरुंद आणि खोल करा.

दुसरी पायरी: जो धोका काढता येत नाही, त्याला आडोसा करा. पट्ट्याला जाळी लावा, फिरत्या भागाला झाकण लावा, आणि झाकण उघडलं की मोटार थांबेल अशी सोय करा.

तिसरी पायरी: एवढं करूनही जो धोका उरतो, तो वापरणाऱ्याला सांगा. यंत्रावर सूचना लिहा, सोबत पुस्तिका द्या, आणि तीही ज्या देशात यंत्र विकलं जातं तिथल्या भाषेत द्या.

हा क्रम बदलता येत नाही. पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारायची मुभा कारखानदाराला नाही. “आम्ही पुस्तिकेत लिहिलं होतं, बाईनं वाचलं नाही,” एवढं सांगून तो सुटत नाही. आणखी एक गोष्ट. माणूस कुठं चुकेल, हे जर आधीच ओळखता येण्यासारखं असेल, तर त्या चुकीचा विचारही यंत्र बनवणाऱ्यानंच करायचा. लाईट गेली की बाई झाकण उघडून बघणार, हे कुणालाही ओळखता येईल. म्हणून त्या कायद्यात वेगळं कलमच आहे की वीज जाऊन परत आली तर यंत्रानं अचानक चालू होता कामा नये.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या बोटाकडं बघितलं. माझी चूक होती, नाही असं नाही. पण ती चूक आधी ओळखता येण्यासारखी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र कशाला म्हणायचं?

या कायद्यात यंत्राची व्याख्या आहे. हलणारे भाग एकमेकांना जोडलेले असावेत आणि ते माणसाच्या किंवा जनावराच्या थेट जोरावर चालणारे नसावेत. म्हणजे हातानं फिरवायचं शेवयांचं मशीन, जातं, खलबत्ता हे या कायद्याच्या हिशेबानं यंत्र नाही. हात थांबला की तेही थांबतं.

आता आपल्याकडं काय होतं बघा. लग्नसराईच्या आधी शेवया, कुरडया, पापडाचं काम वाढतं. हातानं फिरवून खांदा दुखतो. मग जवळच्या फिटरकडून त्याच शेवयांच्या मशीनला मोटार आणि पट्टा बसवून घेतात. त्या दिवसापासून ते यंत्र झालं. युरोपात असं केलं, तर मोटार जोडून ते नवं यंत्र तयार करणाऱ्यालाच त्याचा निर्माता धरतात आणि जाळी, झाकण, बटण यांची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. आपल्याकडं फिटर मजुरी घेऊन जातो, पट्टा उघडाच राहतो, आणि जबाबदारी कुणाची ते अपघात झाल्यावर ठरवायला बसतो.

मोटारीचा वेग लक्षात घ्या. साधी मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २४. पदर पट्ट्यात अडकला हे मेंदूला कळून हात मागं घ्यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात मोटारीचे १२ फेरे झालेले असतात. मिक्सरचा वेग तर मिनिटाला १८ हजारांच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला ३००. “मी लक्ष ठेवते” याला इथं अर्थ उरत नाही. लक्ष पोचायच्या आधी यंत्र पोचलेलं असतं.

मग घरचा मिक्सर यात येतो का?

इथं मला मोठा धक्का बसला. युरोपच्या यंत्र कायद्यात घरगुती वापराची विजेची उपकरणं येत नाहीत. ती वगळलेली आहेत. घरातला मिक्सर, घरातलं कपडे धुण्याचं मशीन यांना दुसरा कायदा आहे, कमी दाबाच्या विजेचा. ५० ते १००० व्होल्टच्या घरच्या विजेवर चालणारी उपकरणं त्यात मोडतात.

पण वगळलं म्हणजे मोकळं सोडलं असं नाही. त्या दुसऱ्या कायद्यात फक्त शॉकचा विचार नाही. पात्याचा, चिमटण्याचा, भाजण्याचाही विचार आहे. गंमत अशी की बॅटरीवर चालणारी छोटी चॉपर त्या ५० व्होल्टच्या खाली येते, म्हणून विजेच्या कायद्यातून निसटते आणि थेट यंत्र कायद्यात जाऊन बसते. म्हणजे या नाही तर त्या कायद्यात वस्तू सापडतेच. मधल्या फटीतून ती पडू नये याची काळजी घेतलेली आहे.

आणि “घरगुती” याचा अर्थही नीट ठरवलेला आहे. घरच्या माणसांसाठी, घरच्या कामाला, ते घरगुती. हॉटेलच्या किंवा खानावळीच्या स्वयंपाकघरासाठी बनवलेलं तसंच उपकरण यंत्र कायद्यात जातं. कारण तिथं ते दिवसभर चालतं, घाई असते, वापरणारे हात बदलतात.

आता आपल्या गटांकडं बघा. मिक्सर घरगुती, पण त्यात रोज पंधरा-वीस किलो चटणी आणि मसाला निघतो. घरगुती मिक्सरच्या पाटीवर बऱ्याचदा ३० मिनिटं असं लिहिलेलं असतं, आणि तीही सलग नाही, मध्ये मध्ये थांबवून. आपण तो दोन-दोन तास चालवतो. मोटार तापते, वास येतो, खालचं लाल बटण उडतं. ते दाबून पुन्हा सुरू करतो. लाल बटण म्हणजे मोटारीनं मागितलेली विश्रांती असते. ती द्यायला हवी.

घर बदललं की उपकरणाचं काम कसं बदलतं, याची एक मराठी मुलखातलीच गोष्ट आहे. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. तिकडच्या स्वयंपाकासाठी बनवलेली ती मोटार, इथल्या ओल्या-सुक्या वाटणाला टिकली नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर अभियंते होते. आपल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटार घालून त्यांनी जो मिक्सर बनवला तो पुढं ‘सुमीत’ नावानं घराघरांत पोचला. युरोपातलं चांगलं उपकरणही आपल्या कामाला पुरेल असं नाही. तसंच आपलं घरगुती उपकरण धंद्याच्या कामाला पुरेल असंही नाही.

आपल्याकडं काय आहे?

आपल्याकडं नियम नाहीत असं म्हणणं चूक होईल. मळणी यंत्रात हात जाण्याच्या अपघातांमुळं १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. १९४८ च्या कारखाने कायद्यात फिरत्या भागांना कुंपण घालायचं कलम होतं, आणि चालू यंत्र साफ करायला किंवा तेल द्यायला बाईला लावू नये असंही कलम होतं. पण विजेवर काम चालत असेल तर दहा कामगार झाल्यावर तो कारखाना धरला जायचा. नव्या कामगार संहितेत ती संख्या वीस केली आहे. आपल्या ओसरीवर चार बायका मिरची कुटतात. तिथं तो कायदा येत नाही.

घरगुती उपकरणांसाठी आयएसआय खूण आहे. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, गिझर यांना ती २००३ च्या आदेशानं सक्तीची झाली. मिक्सरसाठी आयएस ४२५० हे भारतीय मानक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयानं यंत्रांच्या सुरक्षेचा एक मोठा आदेश काढला. मी मघाशी सांगितलेली तीन पायऱ्यांची रीत त्यात भारतीय मानक म्हणून आली आहे. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, कापड विणायची यंत्रं अशी त्यातली यादी आहे. तो लागू करण्याची तारीख पुढं ढकलली गेली. पण त्या यादीवरून कळतं की विचार कारखान्याचा झाला आहे.

म्हणजे एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला कारखाना. आणि मध्ये आपण, घरात बसून धंदा करणाऱ्या. घरगुती मानकाला आपलं काम जड जातं आणि कारखान्याच्या कायद्याला आपण फार थोड्या पडतो. आपल्या बोटांची काळजी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडली आहे. ती फट कायद्यानं बुजेल तेव्हा बुजेल. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगते.

आपलं यंत्र आपणच तपासू

पहिला प्रश्न: लाईट जाऊन आली तर काय होतं? विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही पाहिला आहे. हिरवं बटण दाबलं की आत एका कॉईलनं संपर्क धरून ठेवलेला असतो. लाईट गेली की कॉईलचा जोर जातो आणि संपर्क सुटतो. लाईट आली तरी पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार चालू होत नाही. पुरुष मंडळी त्याला ‘ऑटो’ बसवतात, तेव्हाच ती आपोआप चालू होते. तोच साधा स्टार्टर, ऑटोशिवाय, कांडपाला आणि मोठ्या गिरणीला बसवता येतो. एक फेज मोटारीसाठीही मिळतो. युरोपच्या त्या कलमातली गोष्ट आपल्या शेतात कधीपासून लटकलेली आहे. ती विहिरीवरून ओसरीवर आणायची आहे. मिक्सरला स्टार्टर बसवता येत नाही. तिथं एकच नेम धरा: लाईट गेली की आधी पिन काढायची, मग झाकण. नवा घेताना भांडं किंवा झाकण नीट बसल्याशिवाय सुरूच न होणारा बघा.

दुसरा प्रश्न: बोट आत जातं का? उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक खोटं बोट असतं. १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, आपल्या बोटासारखं वाकणारं. ते कुठल्याही फटीतून विजेच्या किंवा फिरत्या भागाला लागलं तर उपकरण नापास. आपल्या घरी यंत्राची पिन काढून, जाड पेन्सिल किंवा लाटण्याचं टोक घेऊन हे बघता येईल. पेन्सिल पट्ट्याला लागली, तर लेकराचं बोट नक्की लागेल.

तिसरा प्रश्न: पदर, ओढणी, वेणी, बांगड्या कुठं जातील? पट्टा आणि चाक यांना पत्र्याचं किंवा जाळीचं झाकण पाहिजे, आणि ते स्क्रूनं बसवलेलं पाहिजे, नुसतं अडकवलेलं नको. शिलाई मशीनला मोटार लावली असेल तर तिचा पट्टाही बघा. पदर खोचणं, वेणी बांधणं चांगलंच. पण ती तिसऱ्या पायरीची गोष्ट झाली. झाकण दुसऱ्या पायरीवर आहे. आधी झाकण.

चौथा प्रश्न: हात अडकला तर दुसऱ्या हातानं बंद करता येईल का? बटण यंत्राच्या मागच्या भिंतीवर, डब्यांच्या रांगेआड असेल तर त्याचा उपयोग नाही. काम करणारीच्या हाताशी, मोठं, लाल.

पाचवा प्रश्न: अडकलेलं कशानं काढता? बहुतेक बोटं दळताना जात नाहीत. ती अडकलेलं मोकळं करताना आणि साफ करताना जातात. यंत्राशेजारी दोरीनं बांधलेला एक लाकडी उलथना ठेवा. दोरी मात्र आखूड पाहिजे, फिरत्या भागापर्यंत पोचेल इतकी लांब नको. आणि हात घालण्याआधी पिन काढून आपल्या समोर ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणी लावणार नाही. घरघंटीचं दार उघडलं की मोटार थांबते, अशी सोय बऱ्याच घरघंट्यांना असते. ते स्विच बिघडलं म्हणून चिकटपट्टी लावून दाबून ठेवू नका. आमच्या गटात एकीनं ती लावली होती, म्हणून सांगते.

विकत घेताना आणि नंतर

पेटीवर ‘सीई’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर भुलू नका. ती युरोपच्या नियमांत बसल्याची खूण आहे, आणि बहुतेक वस्तूंवर ती बनवणारा स्वतःच लावतो. आपल्या देशात तिला आयएसआयची जागा नाही. आयएसआय खुणेवर वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल असा परवान्याचा क्रमांक असतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप आहे. त्यात तो परवाना क्रमांक घालून बघितला तर परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. दुकानातच उभं राहून बघा. दुकानदार रागावला तर दुकान बदला.

गटासाठी कर्जावर यंत्र घेत असाल, तर कोटेशनमध्येच लिहून मागा: पुश बटण स्टार्टर, पट्ट्याचं झाकण, मराठी सूचनापत्रक. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली होती. त्या यंत्राच्या किमतीत झाकणाचा खर्च कुठल्या कोपऱ्यात जातो तेही कळणार नाही. पण नंतर वेगळं बसवू म्हटलं की ते राहूनच जातं.

आणि अपघात झालाच, तर लगेच स्वतःच्या कपाळाला हात लावू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळं झालेल्या इजेची भरपाई मागता येते. फक्त बनवण्यातला दोष नाही, तर रचनेतला दोष आणि पुरेशा सूचना न देणं हेही त्यात धरलं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही तर धंद्यासाठी वापरतो, मग आम्ही ग्राहक कसल्या? त्याच कायद्यात लिहिलं आहे की जो स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतो आणि वापरतो, तोही ग्राहकच. मात्र वस्तूत आपणच फेरफार केला असेल, दाराचं स्विच चिकटपट्टीनं बांधलं असेल, तर दावा लंगडा पडतो. बिल जपून ठेवा. यंत्राचा, तुटलेल्या भागाचा, पाटीचा फोटो काढा. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही.

मैत्रिणींनो, आमच्या गटाच्या कांडपाला गेल्या वर्षी आम्ही स्टार्टर बसवला. भाचीनं सुट्टीच्या दिवशी येऊन वायरमनला काय पाहिजे ते समजावून सांगितलं. पट्ट्यावर पत्र्याचं झाकण आलं. परवाच मिरची कुटताना लाईट गेली. चौघी तिथंच बसून राहिल्या, गप्पा चालू. एकीचा हात कांडपाच्या तोंडाशीच होता. लाईट आली, पंखा फिरायला लागला, कांडप गप्प उभं राहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं.

तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं यंत्राजवळ जा आणि हे पाच प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर वाईट येईल ते वहीत लिहा, आणि तारीख घालून ठेवा, कधीपर्यंत दुरुस्त करायचं.

आता शिलाई सुरू करायला हरकत नाही. पदर खोचलाय ना?